देव्हाऱ्यातलं आर.सी. बुक

आमच्या फियाटच्या नोंदणी-पुस्तकावर हळदीकुंकवाचा जो थर साचला होता, तो ब्याण्णवच्या जानेवारीत मधोमध साधारण दीड मिलिमीटर जाड होता आणि कडांकडे पातळ होत गेला होता. हा नुसता अंदाज. कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्क्रू-गेज होता, त्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असायची. पण मोजण्यासाठी पुस्तक उचलावं लागलं असतं, आणि पुस्तक उचलता आलं असतं तर ही हकीकत घडलीच नसती. थराची वाढ मात्र अगदी नियमित होती. दर शुक्रवारी एक बोट हळद, एक बोट कुंकू. सासूबाईंच्या हाताला चूक माहीत नाही.

गाडी चौऱ्याहत्तर सालची. आम्ही ती जुनीच घेतली होती. कर्ज माझ्या पगारावर मिळालं म्हणून नाव माझं, आणि चालवायचे हे. नव्वदच्या दिवाळीत ह्यांच्या छातीत दुखलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी बंद करायला सांगितल्या : गाडी चालवणं, जिने चढणं आणि चिडणं. ह्यांनी पहिल्या दोन बंद केल्या. गाडी तीन महिने आदिलाबादच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि रोज सकाळी हे चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघत बसू लागले. त्या बघण्याने तब्येतीला आराम पडत नाही असं माझं निरीक्षण होतं. मीच म्हटलं, विकून टाकू.

मी रीतसर माणूस आहे. गाडी विकायची तर काय काय लागतं ते मी परिवहन कचेरीच्या भिंतीवरच्या फळ्यावरून उतरवून आणलं. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, फॉर्म एकोणतीस. नाव बदलायचा अर्ज, फॉर्म तीस. सोबत मूळ नोंदणी-पुस्तक. नोंदणीत नाव बदलेपर्यंत मालक तोच, ज्याचं नाव पुस्तकात. मी दोन्ही फॉर्म दोन-दोन प्रतींत, मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईने भरले, इंजिनचा नंबर भिंग लावून तपासला, आणि सगळं पुस्तकातच घडी घालून ठेवलं. गिऱ्हाईक आलं की त्याने सही करायची, एवढंच बाकी होतं.

विक्रीच्या दिवशी मी घरी नव्हते. ही गोष्ट मी पुढे अनेक कचेऱ्यांत सांगितली आणि प्रत्येक ठिकाणी ती माझ्याच विरुद्ध गेली. फेब्रुवारी महिना होता, प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या. गिऱ्हाईक आलं ते बाजारहत्नूरकडचे नागोराव. कापूस चांगला झाला होता. त्यांना आणलं आमचे शेजारी माणिकराव यांनी. माणिकराव तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणारे कारकून, होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पेशकारी अजून निवृत्त झालेली नाही. त्या दिवशी काय झालं ते मला चौघांकडून चार प्रकारे कळलं. चारही हकीकतींत जो भाग समान आहे तेवढाच देते.

सौदा बैलबाजाराच्या रिवाजाने झाला. माणिकरावांनी उपरणं टाकलं, त्याच्याखाली ह्यांनी आणि नागोरावांनी एकमेकांची बोटं धरली, आणि बाहेरच्या कोणाला काही न कळता किंमत ठरली. बाहेर कोणीच नव्हतं, एक सासूबाई सोडून. मग नारळ फुटला. सासूबाईंनी पुढच्या दोन चाकांवर पाणी घातलं, टपावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. नागोराव किल्ली घेऊन बसणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब बापा. बैल इकला तरी दावं इकत नाई."

नागोरावांनी टोपी काढली. "नाई माय. दावं तुमच्या घरचं. मी बी मांगत नाई."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. जनावर विकलं तर त्याच्या गळ्यातलं दावं विकणाऱ्याने काढून ठेवायचं. दावं जनावराबरोबर गेलं तर घरची बरकतही त्याच्यामागे चालत जाते. प्रश्न एवढाच होता की फियाटचं दावं कोणतं? माणिकरावांनी डिकीतली, गाडी ओढायची दोरी काढून दाखवली. सासूबाईंनी ती बाजूला सारली.

"ह्या दोरीनं ते कधी बांधलं होतं काय? ज्याच्यानं जनावर आपल्या दारी राह्यते, त्याले दावं म्हन्ते."

त्यावर हे म्हणाले, "मग पुस्तकच म्हण की आई. पुस्तकात नाव आहे म्हणून गाडी आपली. नाहीतर रस्त्यावरची कोणाचीही."

ह्यांचा स्वभाव विनोदी नाही. वर्षातून एखादा विनोद करतात, आणि तो लागू पडतो.

मी साडेपाचला घरी आले तेव्हा शेड रिकामी होती आणि हे पेढा खात होते. पेढासुद्धा डॉक्टरांनी बंद केला होता, पण मी आधी फॉर्मचं विचारलं.

"फॉर्म पुस्तकात होते ना," हे म्हणाले.

"आणि पुस्तक?"

त्यांनी हनुवटीने स्वयंपाकघराकडे दाखवलं. देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या डाव्या हाताला, पुस्तक उभं केलेलं होतं. पहिला टिळा अजून ओला होता.

इथे कोणीही विचारील, मग उचलून का घेतलं नाही? तर बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यांनी बैलजोडी विकली होती. वैरण नव्हती, व्यापारी घाईत होता, जोडी दाव्यांसकट गेली. त्याच श्रावणात धाकटे दीर, बाबाराव, तापाने गेले. एकोणीस वर्षांचे होते. सासूबाई हे कधी बोलत नाहीत. मला हे लग्नानंतर सात वर्षांनी, ह्यांच्याकडून, एकदाच कळलं. आणि आता उरलेल्या मुलाच्या छातीत दुखलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकवते. दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, हे दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते. पण ते मुलांना सांगते. सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं नाही. म्हटलं, आठ-पंधरा दिवस जाऊ द्यावेत, मग बघू.

चौदाव्या दिवशी मी नवीन फॉर्म भरून परिवहन कचेरीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. अठ्ठाविसाव्या दिवशी तो परत आला. सोबत चिठ्ठी : मूळ पुस्तक व खरेदीदाराची सही जोडलेली नाही, सबब परत. कचेरीचं बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात कचेरी कधीही चुकली नाही, हेच त्यातलं दुःख.

माणिकराव ओट्यावर बसून सगळी पत्रं वाचायचे. म्हणजे आमची. "वहिनी," ते म्हणाले, "आता निजामाचं राज्य नाई. तवा जबान चालत होती. आता कागद. उद्या त्या गाडीखाली मानूस आला, त कोर्टात नागोराव नाई उभा राहनार. तुमी उभ्या राहान. हर्जाना तुमच्या पगारातून, अन् तुमी गाडीत बी नसान."

"मग काय करावं?"

"मी काय सांगू. मी त निवृत्त हाय," असं म्हणून त्यांनी पुढचा पाऊण तास सांगितलं.

पहिली नोटीस मे महिन्यात आली. बेल्लमपल्लीच्या वाहतूक पोलिसांकडून, कॉलेजच्या पत्त्यावर, कारण कर्ज घेताना पत्ता तोच दिला होता. सदर गाडीतून लग्नाची अकरा माणसं नेल्याबद्दल मालकाने खुलासा करावा. पाकीट प्रिन्सिपॉल व्यंकटराव यांनी उघडलं. सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बोलावून फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, सुटीत काही साइड बिझनेस?" आणि मग सांगितलं की ते पुढच्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत, जागेसाठी माझं नाव वर आहे, पण यादीत नाव त्यांचंच राहतं ज्यांच्यावर कुठल्याही खात्यात काही प्रलंबित नाही. मी चोवीस वर्षं नोकरी केली होती. एकदाही उशिरा सही केली नव्हती.

फियाटमध्ये अकरा माणसं मावतात का, हा खरं तर घनफळाचा प्रश्न आहे. मी एका पाठकोऱ्या कागदावर तो सोडवून पाहिला. मावत नाहीत. हे उत्तर घेऊन मी बसने बाजारहत्नूर गाठलं आणि तिथून दोन मैल चालत नागोरावांचं घर.

त्यांनी मला पाट दिला, पाय धुवायला पाणी दिलं, आणि त्यांच्या बायकोने, रुख्मिणीने, जेवल्याशिवाय विषयच काढू दिला नाही. गाडी गोठ्यात होती. दोन बैल, मग गाडी, मग एक वासरू. तिच्यापुढे कडबा तेवढा टाकलेला नव्हता.

"अकरा नाई, मॅडमबाई," नागोराव गंभीरपणे म्हणाले. "नऊ. दोघं टपावर होते. त्यायले आत कायले मोजून राह्यले?"

दंड मी भरतो, खुलासा तुमी लिवा, असं ठरलं. मग मी पुस्तकाचं काढलं. म्हटलं, तुम्ही एकदा आमच्या घरी येऊन सासूबाईंकडे पुस्तक मागा. तुम्ही घेणारे आहात, तुमचा हक्क आहे.

नागोरावांनी ताकाचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "दावं कसं मांगू, बाई? मांगनाऱ्याचं बी बरं होत नाई अन् देनाऱ्याचं बी. तुमी शिकेल हा, तुमाले नाई वाटत. पन तुमच्या घरी दुखनं हाय. मले त ठाव हाय ना."

रुख्मिणीने मान हलवली. मी ताक संपवलं आणि परतीची बस धरली.

सप्टेंबरमध्ये पोळा आला. पोळ्याला आमच्या भागात जनावरांना गेरू लावतात, झूल घालतात, तोरणाखालून मिरवतात. नागोरावांनी गाडीलाही मिरवलं. मडगार्डांना गेरू, दिव्यांना गोंडे, टपावर झूल. बैल तोरणाखालून गेले. गाडी तोरणापाशी बंद पडली. लोकांनी ढकलली. नागोरावांना गियर आणि ब्रेक यांच्याबद्दल साधारण कल्पना होती, तीही झुलीमुळे समोरचं दिसत नसताना. गाडी एकदम चालू झाली आणि सार्वजनिक नळाच्या ओट्यावर चढली. माणूस कोणी लागलं नाही. ओटा गेला, नळ गेला, आणि पाणी संध्याकाळपर्यंत पोळ्याच्या मैदानात वाहत राहिलं.

नोटीस ऑक्टोबरात आली. सार्वजनिक मालमत्तेची हानी, वाहनमालकाने चौकशीस हजर राहावं. व्यंकटरावांनी या वेळी पाकीट उघडलं नाही. न उघडता टेबलावर माझ्या बाजूला सरकवलं, आणि ते मला जास्त लागलं. स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर म्हणाले, "मॅडम, पाण्यावर प्रयोग चालू आहे म्हणतात." उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, आणि तेही काही फारसं चांगलं नव्हतं.

नागोराव स्वतः येऊन ओटा बांधून देतो म्हणाले, आणि दिलाही, आधीपेक्षा उंच. पण चौकशी ओट्याने मिटत नाही. चौकशी मालकाची असते.

तेव्हा माणिकरावांनी आपला शेवटचा आणि सर्वात कायदेशीर सल्ला दिला. "पुस्तक गुम झालं म्हना. ठान्यात लेखी तहरीर द्या, दहा रुपयांच्या कागदावर हलफनामा करा, दुसरं पुस्तक भेटते. असली देवात राह्यते, नकली नागोरावले देता. देव बी खूश, सरकार बी खूश."

कौशल्याबाई, त्यांच्या मिसेस, आतून म्हणाल्या, "यवढं सोपं होतं त आठ महिने काऊन नाई सांगितलं?"

"कोनी इचारलं नाई," माणिकराव म्हणाले.

सल्ला खरोखर चांगला होता. मी दहा रुपयांचा कागद आणला, पेनात शाई भरली आणि लिहायला बसले. "मी प्रतिज्ञेवर सांगते की, सदर पुस्तक" इथपर्यंत ठीक झालं. पुढे "गहाळ झाले आहे" लिहायचं होतं. मी मान वर केली. पुस्तक समोर दिसत होतं. त्याला नुकतं फूल वाहिलं होतं. चोवीस वर्षं मी मुलांच्या जर्नलमध्ये प्रयोग न करता लिहिलेल्या आकड्यांवर लाल रेघ मारत आले होते. त्या रात्री जेवण होईपर्यंत कागदावर तेवढेच शब्द होते.

दुसऱ्या दिवशी मी खऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणारं वाक्य तयार केलं : सदर पुस्तक सध्या माझ्या आवाक्याबाहेर आहे. ते घेऊन परिवहन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने दोनदा वाचलं.

"मॅडम, बुक गुमा क्या?"

"नहीं."

"चोरी हुआ?"

"नहीं."

"जला, भीगा, दीमक खाया?"

"नहीं."

"फिर है किधर?"

"घर में. थोड़ा ऊपर."

"कितना ऊपर?"

"चार फूट."

कारकुनाने खिडकीतून वाकून माझी उंची पाहिली. मी पाच फूट दोन इंच आहे. "मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, जणू एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसा, "स्टूल लेके निकालो. फॉर्म में स्टूल का कॉलम नै है."

रांगेतली माणसं हसली नाहीत. ती बाजूला सरकली, मला जायला वाट देऊन. हसली असती तर बरं झालं असतं.

डिसेंबरमध्ये सासूबाई चार दिवस नणंदेकडे किनवटला गेल्या. घरात मी आणि हे. पूजा माझ्याकडे. मी मनाशी पक्कं केलं : पहिल्याच दिवशी पुस्तक काढायचं, नागोरावांची सही घ्यायची, कचेरीत द्यायचं, आणि सासूबाई यायच्या आत त्या जागी त्याच मापाचं दुसरं एखादं पुस्तक ठेवायचं. मापही माझ्याकडे होतं. लॉग टेबलची जुनी प्रत जवळजवळ तेवढीच भरते.

पहिल्या दिवशी कॉलेजला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, म्हटलं शुक्रवारी नको. शुक्रवारी नको असं मी का म्हटलं ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. हे आतल्या खोलीत झोपले होते. मी हात धुतले, देव्हाऱ्यासमोर उभी राहिले, हात पुढे केला. बोटं आणि पुस्तक यांच्यात वीतभर अंतर होतं. तेवढ्यात आतून ह्यांचा श्वास ऐकू आला. रोजचाच, किंचित घोरल्यासारखा. मी तो मोजू लागले. मिनिटाला सोळा. मग दुसरं मिनिट मोजलं. मग मध्ये एक श्वास यायला थोडा उशीर झाला, कूस बदलली असेल, आणि मी हात मागे घेतला.

त्यानंतर मी स्वतःला बरंच समजावलं. हृदयाचा आणि परिवहन खात्याचा संबंध नाही. नोंदणी-पुस्तकाचं वजन शंभर ग्रॅमही नाही. सगळं खरं होतं. चौथ्या दिवशी मी देव्हाऱ्यासमोर उभीसुद्धा राहिले नाही. तोपर्यंत मी सर्वांना सांगत होते की सासूबाईंमुळे काम अडलं आहे. त्या दिवसापासून तसं सांगणं बंद केलं. पण खरं काय तेही कोणाला सांगितलं नाही. माणिकरावांना वाटलं मी रुसले. लॉग टेबल परत कपाटात गेलं.

जानेवारीत गुडीहत्नूरच्या ठाण्यातून माणूस घरी आला. हायवेवर तपासणी चालू होती. नागोराव कापसाच्या सरकीची चार पोती घेऊन येत होते. पोलिसांनी विचारलं, गाडी कोणाची? नागोराव खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "मॅडमबाईची." मॅडमबाईने दिली का? "नाई, मी इकत घेतली." कागद? "कागद त्यायच्या देवात हाय." यावर पोलिसांनी त्यांना सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं होतं, यात मला पोलिसांचा दोष दिसत नाही. मालकाने येऊन सांगावं, गाडी चोरीला गेली आहे काय.

मी निघाले. माणिकराव निघाले, कारण ठाण्याची भाषा त्यांना येते. ह्यांना मी उठू दिलं नाही. आणि बसस्टँडवर पाहते तो सासूबाई पदर घट्ट धरून आमच्या मागोमाग येत होत्या. "माह्याघरून बैल घेतलेला मानूस चोर म्हून बसवला," एवढंच म्हणाल्या.

सब-इन्स्पेक्टर तरुण होता. मराठी कळत होती, बोलता येत नव्हती. त्याने मला खुर्ची दिली. नागोराव बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून उठले, आणि म्हणाले, "मॅडमबाई, तुमाले तरास." सरकीची पोती उन्हात, गाडी लिंबाखाली. मडगार्डावर अजून गेरूचे डाग होते.

"मॅडम, सीधी बात है," सब-इन्स्पेक्टर म्हणाला. "गाड़ी चोरी की है, तो ये आदमी अंदर. बेची है, तो बुक और फॉर्म लाइए, नाम बदलवाइए. बुक नहीं, तो गाड़ी जब्त, और आपने खबर नहीं दी उसका केस अलग. तीसरा, गाड़ी आपकी है, आपने चलाने दी. तो सुपूर्दनामा पे दस्तखत करके ले जाइए. पर बाकी नोटिसें फिर आपके नाम पर ही रहेंगी. आगे जो होगा, वो भी."

"साहब," माणिकराव पुढे झाले, "एक चौथी सूरत है. बुक गुम—"

"माणिकराव," मी म्हटलं. ते थांबले. माझ्या आवाजाने ते आजवर कधी थांबले नव्हते.

तेव्हा सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते उलगडलं. पुस्तक होतं. घरी, आम्ही चपला घालेपर्यंत, त्यांनी स्वतः ते काढून आणलं होतं. थराचा एक पापुद्रा फडक्याला चिकटून निघाला होता. आतून माझ्या फॉर्मची कड दिसत होती, काळ्या शाईची, एका वर्षाची घडी पडलेली.

"घे बापा," त्या सब-इन्स्पेक्टरला म्हणाल्या. "सोड त्याले."

नागोराव दोन पावलं पुढे आले आणि हात जोडले. "माय, नोको. मी बसतो इथं. मले काय घाई हाय?"

"तू काऊन बसशीन? तुयी काय चुकी हाय? तुया घरी बी लेकरं हायत."

"माय, नोको म्हन्तो ना मी. झाकून ठेव ते."

सासूबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी हात लांब केला. आवाज स्थिर होता, पण त्या पुस्तकाकडे बघत नव्हत्या, सब-इन्स्पेक्टरकडेही नाही. ठाण्याच्या दारातून आदिलाबादकडे जाणारा रस्ता दिसत होता, तिकडे बघत होत्या. सब-इन्स्पेक्टरने हात पुढे केला. त्याचं काही चुकत नव्हतं. पुस्तक त्याच्या हातात गेलं की दहा मिनिटांत नागोरावांची सही, आठ दिवसांत नवं नाव, जूनमध्ये यादी. अकरा महिने मी हेच मागत होते, आणि ते माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

मी सासूबाईंचा हात धरला आणि पुस्तकासकट खाली घेतला. फडकं त्यावर पुन्हा घातलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी सांगायच्या आधी त्यांना कळलं, की मला त्यांच्याइतकीच भीती वाटते. हे ओळखलं जाणं मला आवडलं नाही. पण माणिकराव ऐकत होते, नागोराव ऐकत होते, बाहेरचे शिपाई ऐकत होते, आणि पुस्तक घरीच राहणार हे आता कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

"साहेब, नोंदणीत नाव माझं आहे, आणि ते बदलायचं नाही," मी म्हणाले. "गाडी नागोराव चालवतील. नोटिसा माझ्या पत्त्यावर येऊ द्या. सुपूर्दनामा आणा, मी सही करते."